ऐंशीच्या पुढे

ऐंशीपर्यंत ती माझी असते.
एक्याऐंशीला वाऱ्याची होते.

गव्हाण फाटा सोडला की दोन्हीकडे खाजण,
मध्ये कंटेनरांची रांग
आणि त्या रांगेत माझी बारा इंची चाकं,
साडेसहाशे किलो पत्रा नि काच,
वर मी, माझा डबा, आज सोडवायच्या मालाची कागदपत्रं.

रिकामा ट्रेलर सगळ्यात वाईट.
भरलेला बिचारा धापा टाकत जातो,
रिकामा खडखडत शेजारून सुटतो तेव्हा
हवा आधी ढकलते, मग ओढते.
हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.
तिथे हाफ क्लच शिकवला,
आणि बेलापूरच्या चढावर मागे न घसरणं.
सुपातून उडालेलं फोल कुठे पडतं
हा धडा अभ्यासक्रमात नसतो.

सुधन्वा म्हणाला, वजन कमी पडतंय.
बाथरूमच्या उरलेल्या लाद्या, दोन खोकी,
त्याने डिकीत रचून दिल्या, मध्ये जुनी सतरंजी घालून.
आठवडाभर मी आमचं बाथरूम घेऊन
न्हावा-शेव्याला जात होते.
गाडी आणखीच डोलायला लागली.

कळंबोलीला, लोखंड बाजाराच्या मागे,
गुलाब भोईर डिकी उघडून बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, “ताई, घर बांधताव का?”
आणि मग, न हसता,
“मांगं वजन टाकलं तं नाक उचलतंय.
नाक उचललं का गारीला रस्ता समजं नाय.”

लाद्या उतरवल्या. त्याच्या दुकानाच्या उंबऱ्याला
त्यातली एक आता बसवलेली आहे, निळी.

हवा बघितली : चाळीस.
पंपावरचा पोरगा मोठ्या गाड्यांची सवय असलेला,
दर वेळी मला तेवढीच देत आला,
आणि मी दर वेळी त्याला थँक्यू म्हणत आले.
पुढची चाकं मोजली : दोघांची तोंडं
बाहेरच्या बाजूला, किंचित,
भांडून एका बाकावर बसलेल्यांसारखी.
आडव्या दांड्याचे रबरी बुश काढले
तर ते हातात चुरले, चहात पडलेलं बिस्कीट जसं.
“ह्याच्यावर वाकत व्हती ती,” तो म्हणाला.
म्हणजे इतके दिवस कुणीतरी वाकत होतं
आणि धरायला काही नव्हतं.

मी विचारलं, खाली बसवता येईल का गाडी, दोन इंच?
त्याने बाहेरच्या रस्त्याकडे बघितलं.
मीही बघितलं.
विषय तिथेच संपला.

नवे बुश, नवे शॉकअप, टायर अर्धा बोट रुंद,
हवा मोजून, थंड चाकांत.
बिल झालं ते सुधन्वाला अर्धंच सांगितलं.

फेरी मारायला तो शेजारी बसला.
कामोठ्याच्या पुढे मोकळं मिळालं तेव्हा
काट्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघत होता.
“एवरी घट्ट नको धरू. ती सरल जातंय.
तूच तिला हलवताव.”
बोटं सैल करायला मला पनवेल लागलं.
स्टिअरिंगवर घामाचे दहा ठसे होते,
त्यातले आठ कशाचेच नव्हते.

आज सकाळी, जासईच्या अलीकडे,
एक ट्रेलर आला, रिकामा, लाल.
ढकललं. ओढलं.
गाडीने खांदा थोडा उडवला, बस,
शेजारणीने बोलता बोलता पदर सावरावा तेवढा.
काटा पंच्याऐंशीवर.

आणि तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं :
मागचं डावं दार खडखडतंय.
बहुतेक कधीपासूनच.