राजम्याचा दाणा

त्सिउरी मावशी, पहिली गोष्ट :
माझ्याकडे बघायचं नाही.
पडद्यावर मी हसेन, भुवई उडवेन,
तरी नाही. वर बघायचं, त्या काळ्या ठिपक्यात.
"माणूस खाली आणि नजर वर? ही कसली रीत!"
म्हणालीस, आणि डब्यातून राजम्याचा एक दाणा काढून
कॅमेऱ्याशेजारी चिकटवलास, डिंकानं.
"आता कुणाशी तरी बोलतेय असं वाटेल."

चिआतुरात मार्च. दरीत मँगनीजचा काळा चिखल,
वर तारेवर एकही डबा नाही.
सव्वीस वर्षं त्यातला एक तू चालवलास.
खाणीतले बाप्ये, शाळेची पोरं, एकदा एक वासरू,
एकदा शवपेटी, उभी, कारण आडवी मावेना.
मग एका शुक्रवारी तार थांबली ती थांबलीच,
आणि तू बाजारात मोजे विकायला बसलीस.

वरच्या खिंडीतल्या स्की-केंद्राला हवा होता
रोपवेला रात्रपाळीचा ऑपरेटर. मुलाखत ऑनलाइन.
वयाची अट लिहिलेली नव्हती.
"लिहिलेली नाही म्हणजे आहे," तू म्हणालीस.

इस्त्रीच्या टेबलावर आलुबुखारच्या चटणीच्या चार बरण्या,
बरण्यांवर पाट, पाटावर माझा लॅपटॉप.
भिंतीवरच्या अक्रोडाच्या माळा उतरवल्या, खिळा राहिला.
दिवा तीनदा हलवला :
आधी तू चौकशीला धरून आणल्यासारखी दिसत होतीस,
मग आजारी,
मग तू.

"तुमची कमकुवत बाजू?"
"गुडघे."
"तसं नाही मावशी, स्वभावातली."
बराच वेळ विचार करून :
"गुडघ्यांबद्दल कुणाला सांगत नाही."
"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"
तू खिडकीबाहेर पाहिलंस, टेकडीवर,
जिथे तुझा झुराब आहे आणि शेजारची जागा मोकळी आहे.
तो प्रश्न मी यादीतून खोडला.

त्या दिवशी वर इस्त्रीचा निळा ब्लाऊज,
खाली लोकरी पायजमा, पायांत झुराबच्या सपाता.
खालच्या गुरामला ताकीद दिली होती, ड्रिल चालवलंस तर बघ.
मी दाराआड, मोडेम मांडीवर घेऊन,
ताप आलेल्या तान्ह्यासारखा.

पलीकडे तिघं होती.
तू बोलत होतीस, पाठ केलेलं,
नव्या चपलेसारखं करकर वाजणारं,
आणि वाक्याच्या मध्यावर गप्प झालीस.
नेट गेलं, मला वाटलं. पण दिवे हिरवे होते.

"माफ करा," तू म्हणालीस,
"तुमच्या मागे काय फिरतंय?"
मोठं चाक, मधला म्हणाला, शेजारच्या खोलीत.
"त्याचं बेअरिंग कोरडं पडलंय. ऐका.
अजून रडत नाही. दात खातंय.
रडायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल."

दोघं मागे वळली. तिसरा चौकटीतून उठून गेला.
चार मिनिटं पडद्यावर एक रिकामी खुर्ची,
आणि तू,
पाठ सरळ, नजर दाण्यावर,
शिकवल्याप्रमाणे.

अकरा दिवसांनी मेल आला.
एक हिवाळा, कच्ची नोकरी, पगार बोलल्यापेक्षा थोडा कमी.
मी आनंदानं ओरडले.
तू म्हणालीस, "लिही : बूट तुम्ही द्यायचे. उबदार.
आणि खोलीला जिना नको."
लिहिलं. त्यांनी मान्य केलं.
जिन्याचं कारण कुणी विचारलं नाही.

लॅपटॉप तुझ्याबरोबरच पाठवला, दाण्यासकट.
आता रविवारी फोन करतेस, पाळी संपल्यावर.
काचेमागे बर्फ, चाक फिरतंय, बिनआवाजाचं.
तू सांगत असतेस सूप कसं पांचट आहे,
कोण पोरगा काठ्या विसरून गेला.
आणि मी तोंड वेडावलं, जीभ काढली,
एकदा तर रडले,
तरी तुला पत्ता नाही.
एकदाही खाली बघत नाहीस, मावशी.
थेट माझ्या डोळ्यांत बघून बोलतेस.