पाचवा दिवा

कार्तिकातली रात्र, हर्णैच्या वरचा सडा.
कातळात दुपारचं ऊन अजून शिल्लक,
बसलं की परकरातून जाणवतं.
शाळेची दुर्बीण घेऊन आम्ही बारा जण.
पितळेवर खाऱ्या वाऱ्याचं हिरवं कीट.

भाद्रपदेच्या चौकोनाच्या उत्तरेला
पाच दीर्घिका आहेत, खेटून खेटून.
आमच्या भिंगात त्या येत नाहीत.
मग मी छापील चित्र टॉर्चखाली धरलं:
चौघींचे पदर ताणलेले, फाटलेले,
डोलीतून सुटलेल्या जाळ्यासारखे.
पाचवी त्यांच्यातच, निळसर, जरा ठसठशीत.

मुलांना सांगितलं, प्रकाश लाल होतो तेवढी
वस्तू दूर पळते.
चौघी सेकंदाला सहा हजार किलोमीटर, थोडं इकडेतिकडे.
पाचवी फक्त आठशे.
यावर माणसं वर्षानुवर्षं भांडली.
कुणी म्हणे, मापच खोटं, बघा ना, पदर गुंतलाय.
कुणी म्हणे, ती अलीकडे आहे, बास,
वाटेत उभी राहिली म्हणून घरची होत नाही.

भाचीला न्यायला हमिदा पेवेकर वर आली.
लिलावात बोली लावणारी, आवाज बसलेला.
चित्राकडे तिने पाहिलंच नाही.
किल्ल्यापलीकडे पाण्यावर पाच दिवे होते, एका ओळीत.

"चार आमचे हायत. पाचवा न्हाय."
कशावरून?
"ऐका जरा."
आम्ही श्वास धरले.
चौघांची इंजिनं इतक्या लांबून पोचत नव्हती.
पण एक वल्हं पोचत होतं,
पाण्यात बुडताना, आणि वर येताना थेंबांसह.
तो दिवा लाटेबरोबर खालीवर होत होता,
बाकीचे नुसते मिणमिणत होते.

"सिराज. गळ टाकून बसलाय, किल्ल्याच्या अल्याड.
नौकेतला वाटा इकला दोन वर्सांमागं.
भावांशी बोलत न्हाय."

भावांशी?
ती उत्तर न देता टाच खाजवत राहिली.

भाचीने मात्र चित्रावर बोट ठेवलं:
बाई, मग ही पाचवी खोडायची?
माझ्या खिशात खोडरबर होतं, खरंच होतं.

खाली वल्हं थांबलं.
बहुधा काहीतरी लागलं असेल गळाला,
तांबोशी, किंवा नुसता दगड.