अक्षर

कोपऱ्यातल्या कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते,
क्रुसाच्याच साखळीत.
आत गोळ्यांची पाकिटं, मार्चमध्ये मुदत संपणारी,
आणि दाराला आतून चिकटवलेला नियम:
अठरा पूर्ण नसतील तर आईची किंवा बापाची सही.

क्रिसेल आली तेव्हा शाळेच्या गणवेशात होती.
मासळी वाळत घालून आलेले हात, नखांत खवले.
बाकावर लसीला आलेल्या बायका, म्हणून
आधी डोकेदुखीचं बोलली,
मग पंखा किती आवाज करतो ते,
मग अगदी हळू,
"मॅम, त्या गोळ्या पुटकुळ्यांसाठीपण घेतात ना?"
घेतात, मी म्हटलं. सही आण.

दुसऱ्याच दिवशी आणली.
तेओदोरा अबुएवा.
ओळीवर नीट बसलेलं, कुठेही न डगमगलेलं.
सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस ह्याच हाताला मिळालं होतं
गावच्या फिएस्तात. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

आणि तेओदोराला मी ओळखते.
पहिलीतच शाळा सुटलेली.
इथल्याच खाटेवर, सोळाव्या वर्षी,
हीच क्रिसेल झाली तिला.
माझी नोकरी तेव्हा नवी.
तिच्या अंगठ्याला शाई मीच लावली होती.

कागद परत केला.
रागावले नाही.
उलट हसून म्हटलं, "अक्षर छान आहे हं, पोरी."
तेवढं म्हणायची काय गरज होती?

आज पहाटे आणली तिला, मोटारसायकलवर मधे बसवून,
पुढे मामा, मागे आई.
तो मुलगा मनिलात आहे म्हणतात, कुठल्याशा बांधकामावर.
समारच्या ह्या रस्त्याला खड्डे किती ते
तिच्या ओठांवरच्या दातखुणांत मोजता येतात.

फॉर्म पुढे केला.
शाईचं पॅड सुकून कडक झालेलं.
सलाइनचे दोन थेंब टाकले तरी तेओदोराचा अंगठा उमटेना.
दोन कळांमधल्या उसंतीत क्रिसेलनं हात पुढे केला,
"द्या इकडे. मला येतं तिचं नाव."

मी पेन दिलं.
आडनावाशी पोचली आणि कळ आली.
शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली घसरत गेलं,
कागदाच्या काठापर्यंत.
राहू दिलं तसंच.

तिला धरायला वाकले,
तर गळ्यातली किल्ली तिच्या कपाळाला लागली.
बाजूला सारायला गेले,
म्हणाली,
"असू दे मॅम. गार वाटतंय."