नेट गेलं का

उदगीरला आमच्या गल्लीत पहिला मॉडेम आला
तेव्हा अप्पांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात
गिऱ्हाईक उरलं नव्हतं,
नुसता सोल्डरचा वास उरला होता.

एका जुन्या व्हॉल्व्ह सेटचा नकाशा हवा होता त्यांना,
हैदराबादच्या कुणा हौशी माणसानं ठेवलेला.
चार एमबी.
म्हणजे रात्री एकनंतर, स्वस्त दरात,
नशीब असलं तर पाऊण तास.

मॉडेम केकाटायला लागला की अप्पा डोळे मिटायचे.
"घसा बसलाय आज. चौदाच्या वर जाणार नाही."
आकडा स्क्रीनवर मागाहून यायचा.
चौदा.

मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, कानापेक्षा पुस्तकावर भिस्त.
आधी आतल्या खोलीतला जोडफोन काढला.
मग भिंतीवरची डबी उघडली: मुंग्या,
आणि एक तार स्क्रूला पाहुण्यासारखी टेकलेली.
ती आवळली.
'डायल टोनची वाट पाहा', ती खूण काढली.
एक आकड्या-अक्षरांची ओळ टाकली,
लाइन क्षणभर मेली तरी मॉडेमनं धीर धरावा म्हणून.

धरला. सहा रात्री.
सातव्या रात्री, सव्वा दोनला, तुटलं.

मकबूल लाइनमन पक्कड दातात धरून खांबावर चढले.
"काय बी नाही बघा बेटा,
खणखणीत येऊलालाय आवाज."
खरंच होतं ते. दवाखान्याच्या बाकावर बसलं
की ताप उतरतो, तशी लाइन.

अप्पांनी ट्रान्झिस्टर काढला,
दोन स्टेशनांच्या मधली ओसाड जागा लावली
आणि तो कानाशी धरून घरभर फिरले,
ट्यूबच्या चोकपाशी, मीटरपाशी, देवघरापाशीसुद्धा.
"इथं गुणगुण आहे. इथं नाही."
त्या रात्री मात्र काहीच तुटलं नाही.

ज्या रात्री तुटे त्या तारखेवर मी फुली मारायची
आणि चिडून झोपून जायची.
दोन महिन्यांनी दुधाचा हिशेब करता करता
आई कॅलेंडरपाशी थांबली.

"ही फुली कशाची गं?"
"नेट तुटलं त्याची."
"मग माझ्याच टिंबांवर कामून मारलालीस?"

टिंब म्हणजे नळ.
आठव्या, कधी अकराव्या दिवशी पालिकेचं पाणी यायचं,
आधी वरच्या आळीला. तिथल्या सतरा मोटारी,
आमच्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या,
एका दमात पाइपाला तोंड लावायच्या.
गावात रोज कुठं ना कुठं मोटारी चालूच,
म्हणून मला त्या ऐकूच येत नव्हत्या.

"व्होल्टेज बसतं, लाइनीत हम शिरतो," अप्पा म्हणाले,
आणि मग बराच वेळ आईकडे बघत राहिले.
चाळीस वर्षं तयार केलेला कान,
आणि रोग सापडला दुधाच्या हिशेबात.

इलाज काहीच नव्हता.
सतरा घरांत जाऊन मोटारी बंद करा म्हणणार कोण,
आणि कुठल्या तोंडानं?
पण वरच्या आळीतून आमच्यापर्यंत पाणी पोचायला
दहा मिनिटं लागायची.
नेट तुटलं की आई उठून घागरी, बादल्या,
जुना तेलाचा डबा, सगळं रांगेत मांडू लागली.
नसीमाभाभीनं ते पाहिलं.
नसीमाभाभीनं पाहिलं म्हणजे गल्लीनं पाहिलं.

पुढं रात्री दोनला खिडकीवर टकटक व्हायची,
पोशट्टी काकांचा झोपाळू आवाज:
"नेट गेलं का वो?"
नाही म्हटलं की
निराश होऊन परत जायचे.

नकाशा वरून खाली उतरायचा, पट्टी पट्टीनं.
एकदा अर्ध्यावर आला, आणि पाणी आलं.
पुढच्या वेळी लाइन टिकली,
तर हैदराबादचं पानच गायब.
अप्पांनी वरचा अर्धा आलेखाच्या कागदावर उतरवला होता,
खालचा अर्धा ऐकून ऐकून जोडला.

सेट वाजतो अजून.
मागे एक बारीक हम आहे.
काढून टाकू का विचारलं
तर म्हणतात, राहू दे,
जा, नळ बघून ये आधी.