कोरी विहीर

इंदूरच्या सांवेर रोडवर, आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून
तळणाचा वास येतो, लवंगेच्या शेवेचा.
शेवेत शेंगदाणा नसतो. तेच तर सिद्ध करायचं असतं रोज:
परदेशातल्या कुणा पोराचा घसा सुजू नये म्हणून
किलोमागे दोन मिलिग्रॅमही नसल्याचा कागद.

एकोणीस वर्षं हे माझ्या अंगठ्यानं केलं.
शहाण्णव विहिरींची प्लेट, पंजाएवढी,
प्रत्येकीच्या तळाला चिकटून बसलेली प्रतिपिंडं
फक्त शेंगदाण्याची वाट बघत. बाकी कुणाला थारा नाही.
भरायचं, थांबायचं, पाच पाण्यांनी धुवायचं,
तरी जे हट्टानं राहिलं असेल ते निळं होतं,
आम्लाचा थेंब पडला की पिवळं.
मग ऑगस्टात अंगठा ठणकायला लागला
आणि मुंदळेसाहेबांनी यंत्र मागवलं.

यंत्राला आठ सुया आहेत आणि घाई नाही.
कडेच्या विहिरी आधी तापतात
हे कळायला मला सहा वर्षं लागली होती;
बसवायला आलेल्या देवव्रतनं ते एका चौकटीत टाकलं.
मी म्हटलं, धुऊन झाल्यावर प्लेट टिपकागदावर आपटते मी,
आवाजावरून कळतं, कोरडी झाली की नाही.
"आवाज?" म्हणाला.
लिहून नाही घेतलं.

तिसऱ्या दिवशी कोरी विहीर पिवळी.
जिच्यात नमुना घालतच नाहीत, ती.
पुन्हा चालवलं. फिकट, पण पिवळीच.
आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं, भिया?
त्यानं नळ्या बदलल्या, पुण्याला फोन लावले.
दुपारी मी, उगाच,
माझ्या एप्रनची बाही कापसानं पुसून तो अर्क यंत्राला दिला.
विहीर हळदीसारखी उजळली.

पाटणीपुऱ्यात उभ्यानं खाल्लेले पोहे.
वर जिरावण, वर शेंगदाणे. जास्त टाक, मीच सांगते.

म्हणजे एकोणीस वर्षं हे असंच असणार.
दिसलं नाही, कारण कोऱ्या विहिरीचा आकडा
सगळ्यांतून वजा करायचा असतो, नियमच आहे.
प्रत्येक उत्तरातून मी
स्वतःला वजा करत आले, बिनबोभाट,
आणि वर सही केली.

आता दाराशी एप्रन बदलते. पोहे तेच, तिथेच.
कोरी विहीर कोरी निघते.
रोज आल्यावर मी आधी तीच बघते,
कुणाची तरी विचारपूस करायला गेल्यासारखी.