पान एकशे बारा

मी आठवी नापास.
पण विद्यापीठातून डॉक्टर होऊन निघणारा माणूस
शेवटी राजारामपुरीत, माझ्या पत्र्याखाली येतो, घामाघूम :
"काका, उद्या जमा करायचाय."
पाच वर्षांचं काम असो की अकरा,
सगळ्यांचं उद्यावरच येतं.

खळ शिजवतो. मैदा, चिमूटभर मोरचूद,
कसर लागू नये म्हणून.
कसरीला विषय नसतो.
ती इतिहासातनं आत शिरते, रसायनातनं बाहेर पडते,
आणि माझ्याइतकंच तिला त्यातलं कळतं.

तरी शिकंजा आवळताना नजर पडतेच.
मसाईच्या पठारावर आठ दिवस फुलणारं कसलंसं गवत
एकानं चार पावसाळे गुडघ्यावर बसून मोजलं.
राजमती मगदूम मोडीतल्या एका तारणखतात
एका "र" वर दोन वर्षं अडली;
सुटला तेव्हा ह्याच स्टुलावर बसून रडली.
गुळाच्या काहिलीत भेंडीचं पाणी का घालायचं,
त्याचे सत्तेचाळीस आलेख मी शिवलेत.
माझ्या सासऱ्याला विचारायचं, म्हटलं, अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं.
पण नाही. सासऱ्याला "किती" ठाऊक होतं.
"का" कुणी विचारलंच नव्हतं.

गणितवाला एक पोरगा, अवघी साठ पानं.
कण्यावर नाव बसेना.
"असू दे काका," म्हणाला, "नावाविना चालेल."
मी खिळे उलटे जुळवले, बारीकातले बारीक,
आणि बसवलं.

फेब्रुवारीत एका रात्री लाईट गेली.
एकाच फळीवर दोन थप्प्या :
इलाही नदाफची पंचगंगा,
आणि विजयमाला सातपुतेनं गोळा केलेले
चपला करणाऱ्यांच्या घरातले शब्द.
सकाळी तिचे पाच खंड गेले. दुपारी इलाहीचे मोजतो तर
एकशे अकरानंतर एकशे तेरा.
पाचही प्रतींत.

सायकल काढली, सुभाषनगर गाठलं.
तिच्या पुस्तकात एका पानावर : विंचू,
म्हणजे चपलेच्या तळात घालायचं बी,
चालताना करकर वाजावी म्हणून.
आणि समोरच्या पानावर : जयंती नाला, नमुना सात,
विरघळलेला प्राणवायू लिटरला एक पूर्णांक दोन.

तिनं ते वडलांना वाचून दाखवलं होतं.
अण्णू सातपुते रापी खाली ठेवून म्हणाले,
"हा नमुना कुठनं घेतला ओ?"
मी म्हटलं, मी फक्त शिवतो.
"पुलाच्या अल्याडचा असणार. तितं आमची कुंडं हुती.
बाभळीच्या सालीनं पाणी तांबडं व्हायचं.
मासं मातूर हुतं."
मग बराच वेळ गप्प. मग,
"तवा किती हुता म्हणायचा, हा प्राणवायू?"

कोण सांगणार.
त्या पाण्याची बाटली कुणी भरून ठेवली नव्हती.
शब्द तेवढे शिल्लक होते, पोरीच्या वहीत,
आणि आकडे दुसऱ्याच्या,
आणि दोन्ही वह्यांच्या मधे माझी चूक.

विजयमालानं इलाहीचा नंबर घेतला.
मग मलाच विचारायला लागली, पेन काढून :
तुमच्या ह्या सुईला काय म्हणता? दाभण.
ह्या दोऱ्याला? आणि चुकून दुसऱ्याच्या पुस्तकात
शिवल्या गेलेल्या पानाला?
त्याला नाव नाही, म्हटलं.
तसलं पान आम्ही फाडतो.
तिनं तसंच लिहून घेतलं.

संध्याकाळी चार प्रती उसवल्या, पुन्हा शिवल्या.
इलाहीला चार पानं मिळाली, पाचवं त्यानं नव्यानं छापलं.
पैसे मी मागितले नाहीत, त्यानं दिले नाहीत.

पाचवी प्रत तिनं परत आणलीच नाही.