पेन्सिलीचा रकाना

नाम ऊ नदीच्या काठी या आजाराला
डुकराचं वेड म्हणतात.
मालायथोंग नऊ वर्षांची होती.
चिकट भाताची टोपली मधोमध, सात हात आत,
आणि त्यातला एक हात अचानक कुणाचाच नव्हता.

त्या रात्रीपासून तिची टोपली वेगळी.
लाळेतून लागतं म्हणे.
शाळेतलं बाकडं वेगळं,
नदीवरचा धुण्याचा दगडसुद्धा.

चौदा वर्षं मी या उपकेंद्रात आहे.
मला ताप कळतो, अडलेलं बाळंतपण कळतं,
हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.
एकदा मीच तिच्या दातांत चमचा घातला.
दात तुटला.
चमचा अजून खणात आहे, टाकवत नाही.

मग प्रांताच्या गावी तीन दिवसांचं शिबिर.
कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका.
एवढंच? मी विचारलं.
एवढंच, आणि गोळी. रोज.
डॉक्टरीणबाई थांबल्या, मग म्हणाल्या,
रोज म्हणजे रोज.

फेनोबार्बिटल येतं बसच्या टपावरून,
बदकांच्या खुराड्याखाली, ओल्या खोक्यात.
मी मोजून घेते.
सात महिने मालायथोंग पडली नाही.
तिच्या आईने मनगटाला बांधलेला पांढरा दोरा
मी सोडायला सांगितला नाही.
दोरा राहू दे, म्हटलं, गोळीही राहू दे.

मग दरड कोसळली. एकवीस दिवस बस नाही.
मी वरच्या कचेरीला फोन करत राहिले,
तिकडून कुणीतरी दर वेळी म्हणे, नोंद घेतली आहे.
बाविसाव्या दिवशी ती नावेतून चढताना पडली.
गाव म्हणालं, बघा, गोळीत दम नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.
तिच्या वेगळ्या टोपलीत हात घातला,
भाताचा गोळा वळला, मिरचीच्या चटणीत बुडवला, खाल्ला.
मुद्दाम. सगळ्यांच्या देखत.
कुणी काही बोललं नाही.
एक कोंबडी तेवढी आत आली.
बऱ्याच वेळाने तिच्या धाकट्या भावाने
माझ्याकडे बघत बघत
त्याच टोपलीतून एक घास उचलला.

नोंदवहीत आता अकरा नावं आहेत.
हातात गोळ्या असतात तो महिना मी शाईने लिहिते.
पुढचा, पेन्सिलीने.
रबर मात्र
मी कपाटात कुलपात ठेवलं आहे.